बेचाळीस टक्क्यांची बढाई

मी एक जुनी बॅटरी आहे. लॅपटॉपची. जुनी म्हणते, निकामी म्हणत नाही. तो शब्द दुसऱ्यांनी वापरला, आणि कुणी कुणी वापरला ते माझ्या चांगलं लक्षात आहे. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे. खाली वाळू, वर वाळू आणि मध्ये मी. डबा कपाटाच्या तळाशी आहे. कपाटापासून चार पावलांवर टेबल आहे, टेबलावर माझा लॅपटॉप आहे, आणि त्या लॅपटॉपच्या पोटात, जिथे मी साडेपाच वर्षं काढली, तिथे आता ती बसली आहे. नवी.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, म्हातारीचा जळफळाट आहे. आहेच मुळी. मी कशाला लपवू? एकदा लपवालपवी केली, तर त्याचा त्रास माझ्याऐवजी एका चार वर्षांच्या पोरीला झाला. तेच सांगायचं आहे. पण आधी माझं थोडं ऐकून घ्या. त्या नवीचं कौतुक सगळेच करतात. माझं कोण करणार? मीच.

माझा जन्म एका अशा दालनात झाला, जिथे हवेतला ओलावासुद्धा चालत नसे. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, नुसते डोळे दिसत. त्यांनी एक तांब्याची पातळ पट्टी घेतली, एक ॲल्युमिनियमची घेतली, दोन्हींना काळा लेप दिला आणि मध्ये कागदाहून पातळ पडदा घालून त्यांची गुंडाळी केली. ती गुंडाळी चंदेरी पिशवीत घातली, वर थोडं द्रव सोडलं आणि पिशवीचं तोंड शिवल्यासारखं बंद केलं. अशा तीन पिशव्या शेजारी शेजारी ठेवून वर काळं वेष्टन चढवलं. म्हणजे खरं तर आम्ही तिघी बहिणी, पण जगाच्या लेखी मी एकटी. शेवटी कडेला एक हिरवी पट्टी जोडली. ती पट्टी माझं तोंड. माझ्या पोटात किती शिल्लक आहे, ते लॅपटॉपला तीच सांगते. लॅपटॉपला स्वतःहून काही कळत नाही. मी सांगीन ते त्याला खरं.

मी शाळा शिकलेली नाही. कारखान्यातून निघाले ती थेट कामाला लागले. पण बॅटरीच्या पोटात काय चालतं, हे मोठमोठ्या शिकलेल्यांनी मला येऊन विचारावं. माझ्या पोटात दोन खोल्या आहेत. त्यांत बारीक बारीक मंडळी राहतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. चार्जर लावला, की ही सगळी मंडळी पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. चार्जर काढून काम सुरू केलं, की परत पहिलीत येतात. त्या येण्याजाण्यावर तुमचा पडदा उजळतो, बटणं चालतात, आवाज येतात. दिवसभर नुसती ये-जा. माझ्यासारखं गजबजलेलं घर दुसरं नाही, आणि ते मी एकटीनं सांभाळलं.

लॅपटॉप एका बाईंच्या हाती आला. त्या मुलांचे कान तपासतात. औषध देत नाहीत, टोचत नाहीत, कुठला आवाज किती ऐकू येतो तेवढं मोजतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची छोटी खोली आहे. एकापाठोपाठ एक दोन जाड दारं, भिंतींना करडा फोम, खिडकी नाही. आत एक बुटकी खुर्ची, एक लाल बादली आणि लाकडी ठोकळे. मुलाच्या कानांवर मोठे हेडफोन चढवायचे आणि हातात ठोकळा द्यायचा. तो त्यानं गालाशी धरून बसायचं. आवाज ऐकू आला, की ठोकळा बादलीत टाकायचा. ताई टेबलाशी बसून बटण दाबतात, आवाज सोडतात, मग तो हळू करत करत नेतात. मूल ठोकळा टाकायचं थांबलं, की तिथे खूण करतात. खेळच तो. पण त्या खेळावर पोरांचं पुढचं सगळं ठरतं.

आता माझा मान कुठे होता ते ऐका. चार्जर भिंतीतून वीज आणतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या खोलीत तो येताना बरोबर एक घूं घेऊन यायचा. हळूशी, जाडसर, आपल्याला एरवी जाणवणारसुद्धा नाही अशी. ती लॅपटॉपमधून हेडफोनमध्ये जायची. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी ताई रोज, न चुकता, चार्जरची वायर ओढून काढायच्या आणि बाजूला टाकायच्या. तो उंडग्यासारखा जमिनीवर पडलेला असायचा आणि लॅपटॉप, त्याला जोडलेलं आवाज सोडायचं यंत्र, हेडफोन, सगळा प्रपंच माझ्या एकटीच्या जिवावर चालायचा. एकेक तास, दीड दीड तास. मी कधी हूं का चूं केलं नाही.

तरी नाव कुणाचं? चार्जरचं. घरी निघताना ताई काय विचारायच्या? "चार्जर घेतला का?" गावाला जाताना? "चार्जर राहिला नाही ना?" बॅटरी घेतली का असं साडेपाच वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही. त्याला स्वतंत्र खण होता, स्वतंत्र पिशवी होती, आणि पुढे पुढे तर त्याच्यासारखाच आणखी एक आणून दवाखान्यात कायमचा लावून ठेवला. काम मी करायचं आणि जोडी त्याला मिळायची.

माझं कौतुक झालं ते एकदाच. पहिल्या वर्षी ताई एका शाळेत गेल्या होत्या आणि तिथली वीज गेली. एकवीस मुलं रांगेत होती. ताईंनी एकविसांचीही तपासणी केली, आणि शेवटचं मूल उठलं तेव्हा शाळेच्या मुख्य बाईंना म्हणाल्या, की याची बॅटरी म्हणजे दगड आहे नुसती. दगड म्हणणं चांगलं की वाईट यावर मी खूप दिवस विचार केला. शेवटी चांगलंच असं ठरवलं.

आता माझ्या खंगण्याचं सांगते. बॅटरी म्हातारी होते ती काही एका दिवसात होत नाही. ती मंडळी येतात-जातात म्हटलं ना, त्यांतली प्रत्येक फेरीला एखाद-दुसरी दारातच चिकटून बसते आणि परत कामाला येत नाही. दारावर हळूहळू पुटं चढतात. दार अरुंद होतं, माणसं कमी होतात. हे होणारच. कितीही जपलंत तरी होणार. पण ते दोन गोष्टींनी लवकर होतं. एक म्हणजे गच्च भरून ठेवणं. शंभर टक्के झाले, की सगळी मंडळी एकाच खोलीत कोंबलेली असतात, कुणाला कूस बदलायला जागा नसते. तासभर ठीक आहे. पण चार्जर दिवसरात्र लावून ठेवला, की ती तशीच कोंबलेली राहतात आणि आतल्या आत भिंती खरवडतात. दुसरी गोष्ट म्हणजे गरमी. तिनं तर सगळंच दुप्पट वेगानं कुजतं.

ताईंनी माझ्या बाबतीत दोन्ही केलं, आणि तेही मायेनं केलं. तपासणी नसेल तेव्हा चार्जर कायम लावलेला. का, तर मी कधी रिकामी सापडू नये म्हणून. आणि त्यांच्या धंद्याची एक खोड अशी, की त्यांना आवाज म्हणून कसला तो सहन होत नाही. लॅपटॉपच्या आत एक छोटा पंखा असतो, तो गरम हवा खालच्या फटींतून बाहेर टाकतो. त्या पंख्याची घरघर टेबलावरून मुलाच्या खुर्चीपर्यंत जाते, असं ताईंना वाटलं. म्हणून त्यांनी भिंतीचा उरलेला जाड फोम कापला आणि माझ्या खाली गादीसारखा घातला. आवाज गेला. फटीही गेल्या. गरम हवा बाहेर जाणार कुठून? ती माझ्या अंगावर. खोली बंद, छताचा पंखा बंद, खाली फोम आणि पोट गच्च. शांतता इतकी सुंदर, की ताई स्वतःवरच खूश. मी मात्र आत उकडत होते.

नवी असताना मी सहा तास चालायची, चौथ्या वर्षी त्याचे तीन झाले. पाचव्या वर्षी तासभरही धड नाही. दोनदा मी तपासणीच्या मधेच मान टाकली. तेव्हापासून ताईंनी नेम केला, की तीसच्या खाली आकडा असेल तर मुलाला खुर्चीवर बसवायचंच नाही. आधी भरायची, मग बसवायचं. माझ्यावर विश्वास उरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी आकडा बघतसुद्धा नसत.

अशात ती पोर आली. सतत स्वतःभोवती फिरायची, म्हणून तिला घरचे भिंगरी म्हणायचे. चार वर्षांची होती आणि बोलणं जेमतेम पाच-सहा शब्दांचं. तिची आई बेकरीत पाव बांधायच्या कामाला होती. अर्धा दिवस रजा काढून, कपड्यांवर पीठ तसंच घेऊन आलेली. तिनं ताईंना सांगितलं ते मी ऐकलं. दार आपटलं की पोर दचकते, आजोबांनी खाकरलं की वळून बघते, म्हणून तिच्या सासूबाईंचं म्हणणं असं, की कान ठणठणीत आहेत, पोरगी हट्टी आहे. हाक मारली तरी ओ देत नाही म्हणून आदल्या दिवशी सासूबाईंनी तिला जेवण होईपर्यंत कोपऱ्यात उभं केलं होतं. बालवाडीच्या बाईही कंटाळल्या होत्या. सांगितलेलं ऐकत नाही, बाकीच्या मुलांना त्रास होतो, महिनाअखेरपर्यंत कानांचा कागद आणा, नाहीतर नाव कमी करतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"हट्टी असेल तर तसं सांगा," भिंगरीची आई म्हणाली. "मग मीही ओरडेन. पण आधी मला कळू दे."

त्या दिवशी पोरीनं हेडफोनला हातच लावू दिला नाही. ताईंनी तिला बादली दाखवली, ठोकळे दिले, खेळू दिलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यातला तो दिवस. मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्याचा मला अभिमान नाही.

सकाळी ताईंनी माझ्या देखत, म्हणजे लॅपटॉप समोर उघडा असताना, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन केला. या मॉडेलची बॅटरी मिळेल का, असं विचारलं. मिळाली तर माझ्यासाठी बाजूला ठेवा, म्हणाल्या. चांगल्या हसून बोलत होत्या. साडेपाच वर्षं ज्या घरात राबले तिथे माझ्यासमोर दुसरी आणायची बोलणी चालली होती, जशी काही मी तिथे नव्हतेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब, दाखवते कोण म्हातारी झाली ते.

दुपारी भिंगरी आली. त्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात वीज नव्हती, ती नुकतीच आली होती. ताईंनी चार्जर लावला, दहा मिनिटं वाट पाहिली आणि आकडा बघितला. मी सांगितलं, बेचाळीस.

खरं विचाराल तर पोटात पाचसुद्धा नव्हते. म्हाताऱ्या बॅटरीचं तोंड आणि पोट यांचा मेळ राहत नाही, हे खरं आहे. जुन्या सवयीनं तोंड मोठं बोलून जातं. पण त्या दिवशी नुसती सवय नव्हती. मला बेचाळीस म्हणायचंच होतं. त्या न आलेल्या नवीला ऐकवायचं होतं.

ताईंनी वायर काढली. पोरीनं या वेळी हेडफोन घालू दिले. ठोकळा गालाशी धरला, डोळे मोठे केले. ताईंनी पहिला आवाज सोडला, जाडसा. ठोकळा बादलीत पडला. दुसरा, त्याहून बारीक. पोर थांबली, मग टाकला. तिसरा सोडायला ताईंनी बोट उचललं आणि मी गेले. पडदा काळा. आवाजाच्या यंत्राचा दिवा गेला. जे दोन मोजून झाले होते तेही जपून ठेवायला वेळ मिळाला नाही.

पोरीला काय कळणार? ती ठोकळा गालाशी धरून बसली होती. खूप वेळ बसली होती. शहाण्यासारखी.

ताईंनी घाईनं चार्जर लावला आणि लॅपटॉप चालू केला. पोर आज कशीबशी बसली आहे, परत बसेल न बसेल, तर वायर लावूनच उरकून घेऊ, असं त्यांच्या मनात आलं असावं. एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. हेडफोन पोरीच्या कानांवर होतेच. आणि भिंगरीनं ठोकळा टाकला. दुसरा उचलला, टाकला. तिसरा, चौथा. हसायला लागली. ठोकळ्यांवर ठोकळे, बादली भरत आली.

दाराशी बसलेली तिची आई उठून उभी राहिली. रुमाल तोंडावर धरून म्हणाली, "ऐकू येतंय तिला. ताई, सगळं ऐकू येतंय."

ताईंनी बटणावरचा हात वर उचलून दाखवला. "मी अजून एकही आवाज सोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "ही वायरची घूं आहे. ती तेवढीच ऐकतेय."

आई खाली बसली. पोर ठोकळे टाकतच होती. मला सांगा, त्या वेळी मला काय वाटलं असेल? आधी मला काय टोचलं ते सांगू? की पोर हसली ती चार्जरच्या आवाजाला हसली. माझ्या जिवावर चाललेल्या खेळात तिनं दोन ठोकळे टाकले आणि त्याच्या घूंला बादलीभर. एवढी मी हलकी. मग आईनं हळू आवाजात, रागानं नव्हे, विचारलं, की आता मी घरी जाऊन काय सांगू, आणि माझा सगळा तोरा उतरला.

ताईंनी तिची माफी मागितली. महिना संपायच्या आत परत बोलावते, असा शब्द दिला.

संध्याकाळी घरी माझ्यावर खटला चालला. ताईंच्या यजमानांचं म्हणणं, लॅपटॉपच नवा घ्यावा. हा आता म्हातारा झाला, किती दिवस ठिगळं लावायची? नव्यात दिवसभर चार्जरच लागत नाही. ताई म्हणाल्या, आवाजाचं यंत्र याच्याशी जुळलेलं आहे, नव्यावर सगळं बसवून घेईपर्यंत महिना जाईल, आणि त्या पोरीकडे महिना नाही.

आता एक गोष्ट कबूल करते. मला यजमानांचंच पटत होतं. जायचं तर सगळंच जाऊ दे. लॅपटॉप, पडदा, बटणं, सगळं माझ्याबरोबर भंगारात जाऊ दे. माझ्या जागी दुसरी बसण्यापेक्षा घरच राहिलं नाही तर बरं. मत्सर असला, की माणूस असा विचार करतो, आणि बॅटरीही करते.

पण ताईंचे सासरे मधे पडले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं. लॅपटॉप डुगडुगला. मग त्यांनी बटणांखालच्या चौकोनावरून, ज्यावर बोट फिरवतात त्यावरून, अंगठा फिरवला. तो मधे फुगून वर आला होता.

"पोट आलंय हिचं," ते म्हणाले. "चार्जर काढ आधी, आणि बंद कर. उद्या उघडूनच घे, थांबू नकोस." मग मुलाकडे वळले. "सेल गेला म्हणून घड्याळ टाकून द्या, असं मी गिऱ्हाइकांना सांगत बसलो असतो, तर तू शिकला नसतास."

यजमान हसले. मी मात्र हसले नाही. माझं पोट आलंय हे त्या माणसानं चारचौघांत सांगितलं. आलं होतं, खरं आहे. आत कुजलेल्याचा वायू होतो आणि पिशवी फुगते. तीन महिने मी ते दाबून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाईंनी दहा स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मला पाहून दोन पावलं मागे सरल्या. नंतर त्यांनी कामाच्या गोष्टी विचारल्या. पडदा ठीक आहे? ठीक आहे. बिजागरी? घट्ट. बटणं, आतली डिस्क? सगळं चालतं. मग फक्त बॅटरी बदला, म्हणाल्या, लॅपटॉप अजून तीन-चार वर्षं सहज जाईल. बाकीचंही खिळखिळं झालं असतं, तर नव्या बॅटरीचा खर्च करू नका असं मीच सांगितलं असतं, असं त्या म्हणाल्या. बॅटरी नुसती थोडी थकलेली असती, तीनएक तास चालली असती, तरी बदलू नका म्हटलं असतं. पण फुगलेली एक दिवस ठेवायची नाही. टोचली, वाकली, दबली, तर पेट घेते.

मला पेट घेणारी म्हणाल्या. मी, जिनं एकवीस मुलांची रांग पार पाडली. पण बाई खोटं बोलल्या नाहीत.

मग इतकी फुगली कशानं, असं त्यांनी विचारलं. ताईंनी फोमचं सांगितलं. बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे तिला गादीवर झोपवून वरून पोट फुटेस्तोवर जेवू घालत होतात," त्या म्हणाल्या. "रोज?"

"रोज," ताई म्हणाल्या, आणि मान खाली घातली.

मग ती आली. फुग्याफुग्यांच्या कागदात गुंडाळलेली, सपाट पोटाची, कोपरा न कोपरा धारदार. लेबलावरची अक्षरं अजून चमकत होती. अशी ऐटीत माझ्या जागेवर जाऊन बसली, जशी काही जागा तिच्यासाठीच कोरली होती. साडेपाच वर्षांत माझ्या अंगाचा जो ठसा त्या धातूवर उमटला होता, त्यावरच बसली. मला उचललं ते चिमट्यात झुरळ धरावं तसं. बाईंनी ताईंना बजावलं, की ही कचऱ्यात टाकायची नाही, चेपायची नाही, वाळूच्या डब्यात ठेवा, जुन्या बॅटऱ्या नेणारी गाडी येते तिच्यात द्या. अशी मी तपासणीच्या खोलीतल्या कपाटात, या डब्यात आले.

महिना संपायला तीन दिवस असताना भिंगरी आली. मी वाळूत होते, पण कान शाबूत होते. दोन्ही दारं बंद झाल्याचा आवाज आला. वायर ओढून काढल्याचा आला, तो मी कुठेही ओळखीन. मी त्या नवीकडे डोळे लावून बसले होते, म्हणजे लावता आले असते तर. मनात म्हटलं, आता बुडशील. एवढं लहान पोर आहे, दीड तास लागेल, बघू तुझी ऐट. खरंच असं म्हटलं.

ठोकळा पडला. जरा वेळानं दुसरा. मग बराच वेळ काही नाही. मग एक. मग काहीच नाही, काहीच नाही, आणि ताई पुन्हा जाड आवाजावर आल्या, की परत ठोकळा. उजवा कान झाला, डावा झाला. मला कळत होतं. इतकी वर्षं ऐकत होते. जाड आवाजाला पोर टाकते, बारीक आवाजाला बसून राहते. दार आपटलेलं, आजोबांचं खाकरणं, चार्जरची घूं, हे तिला पोचतं. माणसाच्या बोलण्यातले बारीक आवाज पोचत नाहीत. हाक म्हणजे तिच्यासाठी नुसतं गुरगुरणं. त्यात आपलं नाव कुठे आहे हे तिला सापडतच नाही.

एक तास दहा मिनिटं लागली. ती बुडाली नाही. एकदासुद्धा अडखळली नाही.

ताईंनी हेच सगळं पोरीच्या आईला समजावलं. दोन्ही कानांना यंत्रं लावली, की बोलणं ऐकू येऊ लागेल, आणि बोलताही येईल, आताच आणलंत हे बरं केलंत, म्हणाल्या. 

"म्हणजे हट्टी नाही ती," आई म्हणाली.

"अजिबात नाही."

"हे वर ठळक अक्षरांत लिहून द्या. सासूबाई चष्म्याशिवाय वाचतात."

ताईंनी लिहून दिलं. कागद छापून निघाला तोही त्या नवीच्या जिवावर. ते कामही माझं होतं. बोटभर कागद तरी माझ्या नावावर निघायला हवा होता.

आता शेवटचं. गेल्या आठवड्यात ताई चार दिवस सुट्टीवर गेल्या. फोम त्यांनी केव्हाच फेकून दिला आहे, पण हाताची सवय जात नाही. चार्जर लावलेलाच ठेवून गेल्या. नवी चार दिवस शंभरावर, गच्च. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पहिले दोन दिवस मी वाळूत पडून सुखात होते. म्हटलं, कोंबली गेली आहेत तुझीही मंडळी, खरवडतायत तुझ्याही भिंती, तुझंही पोट येईल, तुलाही चिमट्यात धरतील.

तिसऱ्या दिवशी हिशेबाला लागले, की हिचं तोंड आणि पोट यांची फारकत कधी होईल. असंच चाललं तर तीन वर्षांत होईल. मग एक दिवस तीही बेचाळीस म्हणेल. तीही कमी मानी नाही, बसण्यावरून कळतं. आणि समोर कुणीतरी पोर ठोकळा गालाशी धरून बसलेलं असेल. त्या पोराची आई कुठून तरी रजा काढून आलेली असेल. तो विचार आला आणि माझं सुख नासलं.

म्हणून सांगते, नीट ऐका. रोजच्या कामाला ऐंशीपर्यंत भरलं तरी पुष्कळ होतं. ऐंशी झाले की चार्जर काढावा. पार शून्याला नेऊ नये, वीस-पंचवीस राहिले की लावावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऐंशीला आपोआप थांबायची सोय असते, ती शोधावी. गादी, उशी, मांडीवरचं पांघरूण यांवर लॅपटॉप ठेवू नये, खालच्या फटींना श्वास घेऊ द्यावा. चार दिवस बाहेर जायचं, तर अर्धी भरून बंद करून जावं. आणि पोट आलेलं दिसलं, तर एक दिवसही थांबू नये, मग ती कितीही जुनी, कितीही मानाची असो.

उद्या ती गाडी येणार आहे. मला नेऊन सुटं करतात म्हणे, तांबं वेगळं, बाकीचं वेगळं, आणि त्यातून पुन्हा कुणीतरी घडतं. घडू दे. तुमच्यापैकी कुणी त्या दवाखान्याकडे गेलंच, तर ताईंना एवढं सांगा, की ऐंशी झाले की वायर काढा. मी सांगितलं म्हणून सांगू नका. आणि त्या नवीच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नका.